तीन तारांतून कळणारा वेग

बोअरवेलमधल्या थ्री-फेज सबमर्सिबल मोटरकडे जमिनीवरून फक्त तीन तारा उतरतात. खाली दोनशे-अडीचशे फुटांवर, केसिंगच्या अरुंद नळीत, मोटर पाण्यात बुडून मिनिटाला २८००-२९०० फेरे घेत असते. ती नेमकी किती वेगाने फिरते हे सांगणारे कोणतेही उपकरण तिच्याजवळ नसते. बसवायचे म्हटले तरी जागा नाही, आणि इतक्या खोल पाण्यात ते वर्षानुवर्षे टिकणारही नाही. तरी वर, सौर पॅनलच्या सावलीत टांगलेला कंट्रोलर ऊन-सावलीप्रमाणे त्या मोटरचा वेग कमी-जास्त करतो, बोअरचे पाणी तुटले की पंप बंद करतो, मोटर अडकली तर पुरवठा तोडतो. त्यासाठी लागणारी सगळी माहिती त्याच तीन तारांतून वर येते.

शाफ्टवर वेगमापक न बसवता एसी मोटरचा वेग आणि टॉर्क ताब्यात ठेवण्याच्या या तंत्राला कारखान्यांत ‘सेन्सरलेस कंट्रोल’ म्हणतात. घरातला इन्व्हर्टर एसी, छताचा बीएलडीसी पंखा, साखर कारखान्यातला ऊस ओढणारा पट्टा अशा कितीतरी ठिकाणी ते रोज काम करते. मोटरची धारा आणि व्होल्टेज तेवढे मोजायचे आणि बाकीचे गणिताने काढायचे, असा हा व्यवहार आहे. तो कुठे चोख चालतो आणि कुठे अडतो, हे मोटरच्या रचनेतूनच ठरते.

शाफ्टच्या मागच्या टोकाला

वेग मोजण्याची रूढ पद्धत सरळ आहे. शाफ्टच्या मागच्या टोकाला एन्कोडर बसवतात. त्यात बारीक रेघा आखलेली चकती असते. एका बाजूने प्रकाश पडतो, दुसऱ्या बाजूला तो टिपला जातो. चकती फिरली की प्रकाश तुटत-जुळत राहतो आणि एका फेऱ्यामागे ठरावीक ठोके, बहुधा १०२४, ड्राइव्हकडे, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे, पोचतात. धक्के आणि उष्णता जास्त असेल तिथे चकतीऐवजी तांब्याच्या वेटोळ्यांचा रिझॉल्व्हर लावतात. छोट्या चुंबकी मोटरींत चुंबकाची जागा ओळखणारे हॉल सेन्सर असतात.

स्वच्छ जागेत ही साधने उत्तम चालतात. साखर कारखान्यातली परिस्थिती वेगळी असते. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ऊस वाहून नेणारी साखळी रात्रंदिवस चालू राहते. हवेत भुशाची धूळ, लोखंडावर रसाचा चिकटा, वरून धुण्याचे पाणी आणि शेजारी ऊस कापणाऱ्या सुऱ्यांचे हादरे. लोखंड-तांब्याची मोटर हे सगळे सोसते. आधी दगावतो तो तिच्या शेपटाला लावलेला नाजूक डबा: त्याचे छोटे बेअरिंग झिजते, कपलिंग सैल होते, ड्राइव्हपर्यंत आलेल्या सिग्नल केबलमध्ये शेजारच्या पॉवर केबलचा गोंगाट शिरतो. ठोके चुकले की ड्राइव्ह ट्रिप होतो, आणि मोटर धडधाकट असूनही मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते.

एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये तर प्रश्न झिजण्यापर्यंत जातच नाही. तिथे मोटर आणि पंप दोन्ही वेल्डिंग केलेल्या पोलादी कवचात, गरम रेफ्रिजरंट आणि तेलात असतात. कवचातून बाहेर येणारी प्रत्येक तार काचेने सीलबंद करावी लागते, म्हणून बाहेर तीनच पिना दिसतात. सेन्सरसाठी आणखी तारा काढणे म्हणजे गळतीच्या जागा वाढवणे. बोअरवेल आणि कॉम्प्रेसर या दोन ठिकाणी सेन्सरलेस पद्धत पैसे वाचवण्यासाठी आलेली नाही; दुसरा मार्गच नव्हता.

१४४० या आकड्यात काय दडले आहे

कारखान्यातल्या बहुसंख्य मोटरी इंडक्शन प्रकारच्या असतात. फिरत्या चुंबकी क्षेत्राची कल्पना तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ साली स्वतंत्रपणे जाहीर केली. पाठोपाठ मिखाईल डोलिवो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्यासारख्या रोटरची थ्री-फेज मोटर केली. तिची मूळ रचना आजही तीच आहे. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, वाइंडिंगमध्ये तीन फेजच्या धारा सोडल्या की आत एक चुंबकी क्षेत्र गोल फिरू लागते. ५० हर्ट्झवर, चार पोलच्या मोटरमध्ये, त्याचा वेग मिनिटाला बरोबर १५०० फेरे असतो.

रोटर, म्हणजे फिरणारा भाग, मात्र या क्षेत्राला कधीच गाठत नाही. तो त्याच वेगाने फिरू लागला तर त्याच्या सळ्यांना क्षेत्र बदलताना दिसणार नाही, सळ्यांत धारा येणार नाही आणि टॉर्कच उरणार नाही. म्हणून तो थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. नेमप्लेटवर १४४० लिहिलेले असते, त्याचा अर्थ पूर्ण भाराला रोटर ६० फेरे, म्हणजे चार टक्के, मागे असतो. भार नसेल तेव्हा तो १५०० च्या अगदी जवळ पोचतो.

सेन्सरलेस पद्धतीचा सगळा पाया या छोट्या फरकात आहे. क्षेत्र किती वेगाने फिरते हे ड्राइव्हला ठाऊक असते, कारण ते क्षेत्र तोच निर्माण करतो. ठाऊक नसते ती स्लिप, आणि ती भाराबरोबर बदलते. म्हणजे शोधायचा आहे तो पूर्ण वेग नव्हे, वरची तीन-चार टक्के तफावत. पंख्याला किंवा साध्या पंपाला तेवढीही अचूकता लागत नाही. तिथे व्होल्टेज आणि वारंवारता यांचे प्रमाण कायम राखले, ४१५ व्होल्टच्या मोटरला दर हर्ट्झमागे सुमारे ८.३ व्होल्ट दिले, की काम भागते. या पद्धतीला व्ही-बाय-एफ म्हणतात. धारा वाढली की स्लिपही वाढली असणार, असे धरून वारंवारता जराशी चढवली तर वेग आणखी स्थिर राहतो. कितीतरी ड्राइव्ह आजही एवढ्यावर समाधानाने चालतात, आणि पंप-पंख्यांसाठी यापेक्षा भारी ड्राइव्ह घेण्याचा आग्रह बहुतेक वेळा अनाठायी असतो.

कोनाचा शोध

व्ही-बाय-एफ पद्धत भाराच्या अचानक बदलाला सावकाश प्रतिसाद देते. कागदाची गुंडाळी, लिफ्ट, रोलिंग मिल यांना तेवढ्याने भागत नाही. अशा कामांसाठी पूर्वी डीसी मोटर वापरत, कारण तिच्यात क्षेत्र निर्माण करणारी धारा वेगळी आणि टॉर्क देणारी धारा वेगळी असते. दोन्ही स्वतंत्रपणे हाताळता येतात. इंडक्शन मोटरमध्ये या दोन्ही गोष्टी त्याच तीन तारांतून जातात.

त्यांना गणिताने वेगळे काढण्याची रीत जर्मनीत तयार झाली. कार्ल हासे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ती मांडली. आज तिला व्हेक्टर कंट्रोल म्हणतात. त्यासाठीचे गणित आधीच हाताशी होते. रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये फिरत्या चौकटीतून यंत्राकडे पाहण्याची समीकरणे दिली होती, आणि तीन फेजच्या राशी दोन अक्षांवर आणण्याच्या रीतीला एडिथ क्लार्क यांचे नाव आहे. चुंबकी क्षेत्राबरोबर फिरत राहून स्टेटरच्या धारेकडे पाहिले तर तिचे दोन भाग दिसतात: एक क्षेत्राच्या दिशेने, दुसरा त्याला काटकोनात. पहिला क्षेत्र टिकवतो, दुसरा टॉर्क देतो.

अडचण एकच: क्षेत्राची दिशा, म्हणजे कोन, प्रत्येक क्षणी माहीत असावा लागतो. ब्लाश्के यांच्या थेट पद्धतीत स्टेटर आणि रोटर यांच्यामधल्या फटीत चुंबकी सेन्सर बसवून तो मोजायचा होता. हासे यांच्या पद्धतीत शाफ्टचा वेग मोजून त्यात हिशेबाने काढलेली स्लिप मिळवायची होती. एका पद्धतीत मोटर उघडावी लागे, दुसरीत शाफ्टवर सेन्सर लागे. हा कोन फक्त टर्मिनलवरून काढता येईल का, या प्रश्नाभोवती पुढचे सगळे संशोधन फिरले.

व्होल्टेजमधून काय उरते

मोटरला दिलेल्या व्होल्टेजचा काही भाग तांब्याच्या रोधात खर्च होतो. धारा आणि रोध यांचा गुणाकार केला की तो कळतो. तो वजा केल्यावर जे व्होल्टेज उरते ते वाइंडिंगमधल्या चुंबकी फ्लक्सच्या बदलामुळे आलेले असते. हा उरलेला भाग क्षणाक्षणाला साठवत गेले की फ्लक्स मिळतो, त्याची दिशा मिळते, आणि ती दिशा किती वेगाने फिरते तेही कळते. टॉर्कच्या धारेवरून स्लिप काढता येते. क्षेत्राच्या वेगातून स्लिप वजा केली की रोटरचा वेग हाती येतो. मोटरचे व्होल्टेज आणि धारा एवढ्यांवरूनच स्लिप काढणारे इलेक्ट्रॉनिक मंडल अबोंदांती आणि ब्रेनन यांनी १९७५ मध्ये मांडले. त्यात अजून मायक्रोप्रोसेसर नव्हता.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ‘साठवत जाणे’ धोक्याचे ठरते. धारा मोजणाऱ्या सर्किटमध्ये काही मिलिव्होल्टचा कायमचा फरक असेल तर तोही साठत जातो आणि थोड्याच वेळात हिशेबातला फ्लक्स खऱ्यापासून भरकटतो. म्हणून शुद्ध बेरीज न करता जुना साठा हळूहळू विसरत जाणारा फिल्टर वापरतात. मध्यम आणि जास्त वेगाला तो चालतो. कमी वेगाला तो कोनच चुकवतो.

यापेक्षा पक्की वाट म्हणजे दोन हिशेबांची तुलना. फ्लक्स दोन प्रकारे काढता येतो: स्टेटरच्या समीकरणावरून, ज्यात वेग येतच नाही, आणि रोटरच्या समीकरणावरून, ज्यात वेग माहीत असावा लागतो. ड्राइव्ह वेगाचा एक अंदाज धरतो, दोन्ही हिशेब करतो, आणि उत्तरे जुळत नसतील तर ती जुळेपर्यंत अंदाज बदलत राहतो. कॉलिन शाउडर यांचा १९९२ चा लेख या पद्धतीचा मैलाचा दगड मानला जातो. १९९३ मध्ये जपानच्या कुबोता, मात्सुसे आणि नाकानो यांनी निरीक्षकाची पद्धत डिजिटल सिग्नल प्रोसेसरवर चालवून दाखवली. निरीक्षक म्हणजे चिपच्या आत समीकरणांनी फिरणारी मोटर. खऱ्या मोटरला दिलेले व्होल्टेज तिलाही द्यायचे, तिची धारा खऱ्या धारेशी ताडायची, आणि फरक पडला तर तिची अवस्था व वेग दुरुस्त करायचे. हे सगळे सेकंदाला आठ-दहा हजार वेळा चालते. यातली जवळजवळ प्रत्येक कल्पना नियंत्रणशास्त्रात १९६० च्या दशकापासून होती. स्वस्त आणि वेगवान चिप मिळाल्यावरच ती मोटरपर्यंत पोचली.

याच काळात एक वेगळी वाटही रुळली. जपानचे ताकाहाशी व नोगुची आणि जर्मनीचे मानफ्रेड डेपेनब्रोक यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला कोन फिरवण्याचा खटाटोपच टाळला. फ्लक्स आणि टॉर्क थेट मोजून-काढून ते ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले की ड्राइव्हमधल्या इन्व्हर्टरचे योग्य स्विच बदलायचे, एवढेच त्यात करायचे असते. टॉर्कसाठी या पद्धतीला शाफ्टचा वेग लागतच नाही. एबीबीने १९९५ मध्ये या डायरेक्ट टॉर्क कंट्रोलवर चालणारे ड्राइव्ह बाजारात आणले. त्यात दर २५ मायक्रोसेकंदाला हिशेब होतो.

मोटरच्या धारेत वेगाची आणखी एक खूण असते, आणि ती समीकरणांवर अवलंबून नसते. रोटरच्या सळ्या एकापाठोपाठ एक स्टेटरच्या दातांसमोरून जातात तेव्हा धारेत अगदी बारीक लहर उमटते. रोटरला २८ सळ्या असतील आणि तो १४४० ने, म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्यांनी, फिरत असेल तर सेकंदाला ६७२ सळ्या सरकतात. पुरवठ्याच्या ५० हर्ट्झशी मिसळून ती लहर ६२२ किंवा ७२२ हर्ट्झला दिसते. वारंवारतेच्या आलेखात हे टोक सापडले की वेग जवळजवळ एन्कोडरइतका नेमका कळतो. मात्र टोक शोधायला धारेचा पुरेसा लांब तुकडा गोळा करावा लागतो, आणि तेवढ्यात वेग बदलत असेल तर उत्तर शिळे होते. नियंत्रणापेक्षा मोटरची तब्येत तपासण्यासाठी ही रीत अधिक कामाची आहे.

भरलेली गव्हाण पुन्हा सुरू करताना

खरी परीक्षा कमी वेगाला होते. मध्येच बंद पडलेली, उसाने भरलेली साखळी पुन्हा हलवायची असते तेव्हा मोटरला शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क द्यावा लागतो. अशा वेळी टर्मिनलवर काय दिसते ते पाच हॉर्सपॉवरच्या मोटरवर पाहता येईल. ५० हर्ट्झवर तिच्या प्रत्येक फेजमध्ये फ्लक्समुळे येणारे व्होल्टेज सुमारे २३० असते. एका हर्ट्झला ते साडेचार व्होल्टवर येते. साडेसात अँपिअर धारा आणि दीड ओहम रोध धरला तर तांब्यात खर्च होणारे व्होल्टेज सव्वाअकरा आहे. म्हणजे वजा करायची रक्कम उरणाऱ्या उत्तराच्या अडीचपट.

आता मोटर तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ८० अंशांच्या वाढीला तीसेक टक्के. थंड मोटरचा रोध धरून हिशेब केला तर सुमारे साडेतीन व्होल्टची चूक होते, आणि हवे असलेले उत्तरच साडेचार व्होल्टचे आहे. शिवाय ड्राइव्ह बहुतेकदा मोटरचे व्होल्टेज मोजतच नाही, आपण किती दिले ते गृहीत धरतो. इन्व्हर्टरमध्ये वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू होऊन शॉर्ट होऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये काही क्षण सोडलेले असतात. दोन मायक्रोसेकंदांचा हा अवकाश, ८ किलोहर्ट्झचे स्विचिंग आणि ५८७ व्होल्टची डीसी बस (इन्व्हर्टरला आतून मिळणारा डीसी पुरवठा) धरली तर सरासरी नऊ व्होल्टहून जास्त तफावत पडते. धारेच्या दिशेनुसार तिची भरपाई करतात, तरी धारा शून्याजवळ असताना काही चूक उरतेच. म्हणून चांगले ड्राइव्ह स्टेटरचा रोध चालता-चालता अजमावत राहतात. सेन्सरलेस ड्राइव्हचा कस लागतो तो बहुतेक याच ठिकाणी.

तरी भरलेली गव्हाण सुरू होते, आणि त्याचे कारण स्लिपमध्ये आहे. शाफ्ट थांबलेला असला तरी पूर्ण टॉर्क द्यायचा तर क्षेत्राला ६० फेऱ्यांच्या वेगाने, म्हणजे दोन हर्ट्झने, पुढे पळावे लागते. त्यामुळे शाफ्ट हललेला नसतानाही टर्मिनलवर नऊएक व्होल्टचा उपयोगी भाग असतो. पूर्ण अंधाराची जागा वेगळीच आहे: भार मोटरला उलटा ढकलत असताना, रोटरचा मंद वेग आणि स्लिप एकमेकांना नेमके खोडतात तेव्हा. त्या क्षणी स्टेटरची वारंवारता शून्य होते, धारा डीसी होते, व्होल्टेज म्हणजे निव्वळ तांब्याचा रोध उरतो, आणि त्यावरून रोटर फिरतो आहे की थांबला आहे हे कोणतेही समीकरण सांगू शकत नाही. क्रेनचा हुक जड माल घेऊन सावकाश खाली येतो तेव्हा नेमकी ही अवस्था येते.

चुंबक असलेल्या मोटरी

रोटरवर कायमचे चुंबक असले की स्लिपचा प्रश्न मिटतो. रोटर क्षेत्राबरोबर फिरतो आणि त्याचे चुंबक फिरता-फिरता वाइंडिंगमध्ये स्वतःचे व्होल्टेज निर्माण करतात. छताच्या बीएलडीसी पंख्यात या व्होल्टेजचा उपयोग फार थेट केला जातो. सहा पायऱ्यांच्या पद्धतीत कोणत्याही क्षणी तीनपैकी दोनच वाइंडिंगमधून धारा जाते. तिसरे मोकळे असते, आणि त्यावर दिसते ते फक्त चुंबकांनी निर्माण केलेले व्होल्टेज. ते मध्यबिंदू ओलांडते तो क्षण पकडायचा, तिथून ३० विद्युत-अंश थांबायचे आणि पुढची जोडी चालू करायची. जुना पंखा ७०-८० वॉट घेई. बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. आयआयटी मुंबईतून निघालेल्या अ‍ॅटमबर्गसारख्या कंपन्यांनी गेल्या दहा वर्षांत तो भारतीय घरांत रुळवला.

पंखा थांबलेला असताना मात्र चुंबक काहीच व्होल्टेज देत नाहीत. म्हणून सुरुवात आंधळी असते. आधी एका ठरावीक दिशेने धारा सोडून रोटर तिथे ओढून घेतात, मग क्षेत्र हळूहळू फिरवत त्याला मागे यायला लावतात, आणि वेग पुरेसा झाला की ताबा मोकळ्या वाइंडिंगच्या व्होल्टेजकडे देतात. सुरू होताना काही पंखे किंचित मागे-पुढे होतात त्याचे कारण हेच. उघड्या खिडकीच्या वाऱ्याने पंखा आधीच उलटा फिरत असेल तर तेही आधी ओळखावे लागते.

इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये गुळगुळीत साइन धारा देतात, तिन्ही वाइंडिंग सतत कामात असतात, म्हणून तिथे निरीक्षकच लागतो. एका सिलिंडरच्या रोटरी कॉम्प्रेसरला प्रत्येक फेऱ्यात एकदा वायू दाबताना जोर लागतो आणि मग भार सुटतो. कमी वेगाला त्यामुळे पाइप थरथरू लागतात. चांगला कंट्रोलर गणिताने काढलेल्या कोनावरून नेमक्या जागी धारा वाढवतो आणि थरथर दाबून टाकतो. कवचाच्या आत काय चालले आहे याचा माग बाहेरच्या तीन पिनांवरून इतक्या बारकाईने लागतो, ही या तंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

थांबलेल्या रोटरला विचारणे

मोटर फिरत नसेल आणि स्वतःहून काही सांगत नसेल तर तिला विचारावे लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट लॉरेन्झ व त्यांचे सहकारी आणि व्हिएन्नाचे मानफ्रेड श्रोडल यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या दिशेने काम केले. मोटर चालवणाऱ्या व्होल्टेजवर पाचशे हर्ट्झ ते एक-दोन किलोहर्ट्झचे छोटे व्होल्टेज चढवायचे, किंवा अधूनमधून चाचणीचे ठोके द्यायचे, आणि धारा कोणत्या दिशेला किती उमटते ते पाहायचे. मडके घेताना ते बोटाने वाजवून पारखतात, तसेच हे आहे. चुंबक लोखंडाच्या पोटात पुरलेले असतील तर रोटर सगळ्या दिशांना सारखा नसतो: चुंबकाच्या अक्षावर इंडक्टन्स कमी, त्याच्या आडव्या दिशेला जास्त. या फरकावरून रोटरचा कोन शून्य वेगालाही कळतो.

एक संदिग्धता उरते. चुंबकाच्या दोन्ही टोकांना इंडक्टन्स सारखाच दिसतो, त्यामुळे उत्तर टोक कुठले ते कळत नाही, आणि उलट समजले तर मोटर उलट दिशेने झटका घेते. म्हणून त्या अक्षावर दोन्ही दिशांनी धारेचे मोठे ठोके देतात. ज्या दिशेला चुंबक आणि धारा एकमेकांना जोड देतात तिथे लोखंड संपृक्त होते, इंडक्टन्स आणखी घटतो आणि धारा जास्त चढते.

या पद्धतीची किंमत कानाला कळते. बारीक किंकाळी ऐकू येते, थोडी ऊर्जाही जाते. म्हणून वेग वाढला की हे वरून चढवलेले व्होल्टेज बंद करून निरीक्षकाकडे ताबा देतात. साध्या इंडक्शन मोटरचा रोटर सर्व दिशांना जवळजवळ सारखाच असल्याने तिथे हा उपाय फारसा उपयोगी पडत नाही.

बोअरच्या तोंडाशी

सौर पंपाच्या बाबतीत गणिताला शेतातली वस्तुस्थिती सामील करून घ्यावी लागते. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्के केला की शक्ती निम्म्यावर येते. त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हातही कंट्रोलर मोटर सावकाश फिरवू शकतो. पण पंप पाणी किती उंच चढवेल हे वेगाच्या वर्गाप्रमाणे ठरते. ५० हर्ट्झला शंभर मीटरचा दाब देणाऱ्या पंपाकडून साठ मीटरवरचे पाणी काढायचे असेल तर ३९ हर्ट्झच्या खाली मोटर नुसती फिरते, पाणी वर येत नाही. पाण्याचा प्रवाहच सबमर्सिबल मोटरला थंड ठेवतो, म्हणून किमान वारंवारता बोअरच्या खोलीप्रमाणे नीट ठरवावी लागते. बोअर कोरडे पडले की त्याच वारंवारतेला मोटर घेत असलेली शक्ती एकदम घसरते. त्यावरून कंट्रोलर ड्राय रन ओळखतो.

केबल हा यातला दुर्लक्षित भाग आहे. चार चौरस मिलिमीटर तांब्याच्या शंभर मीटर तारेचा रोध सुमारे ०.४४ ओहम असतो. ड्राइव्हच्या दृष्टीने तो मोटरचाच रोध. आधीच्या उदाहरणातल्या दीड ओहमपुढे ही जवळजवळ तीस टक्क्यांची भर झाली. म्हणून ऑटोट्यून, म्हणजे ड्राइव्हने मोटरचे रोध वगैरे आकडे स्वतः मोजून घेणे, नेहमी खालची केबल जोडलेली असतानाच करायचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पाइप आणि केबल जोडून मोटर आणखी खोल सोडतात. त्यानंतर व्हेक्टर पद्धतीवर चालणाऱ्या ड्राइव्हचे ऑटोट्यून पुन्हा करावे लागते, आणि ही गोष्ट वरचेवर राहून जाते. लांब केबलमधून इन्व्हर्टरचे तीव्र ठोके परावर्तित होऊन मोटरच्या टर्मिनलवर डीसी बसच्या दुप्पट व्होल्टेजपर्यंत चढू शकतात आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन खातात. त्यासाठी बाहेर फिल्टर लावला तर मोटर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये आणखी एक घटक येतो, आणि त्याचाही हिशेबात समावेश करावा लागतो.

नेमप्लेट, रिवाइंडिंग आणि ऑटोट्यून

सेन्सरलेस ड्राइव्हला मोटरची ओळख करून द्यावी लागते. नेमप्लेटवरचे व्होल्टेज, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम आणि पॉवर फॅक्टर आधी भरतात. त्यात आरपीएमच्या जागी १४४० ऐवजी १५०० भरले तर ड्राइव्ह स्लिपच शून्य धरतो आणि पुढचे सगळे चुकते. मग ऑटोट्यून. मोटर थांबलेली असताना ड्राइव्ह तिच्यातून डीसी धारा सोडून रोध मोजतो, ठोके देऊन गळतीचा इंडक्टन्स काढतो. कपलिंग सोडून मोटर मोकळी फिरवता आली तर चुंबकनाची धारा आणि रोटरचा काळ-स्थिरांकही नीट मिळतात. उत्पादन थांबवून कपलिंग सोडायला कुणी तयार नसते, म्हणून बऱ्याच ठिकाणी थांबलेल्या अवस्थेतल्या ऑटोट्यूनवरच भागवले जाते.

मोटर जळून रिवाइंडिंगला जाते तेव्हा कारागीर जुन्या वेटोळ्यांची संख्या मोजून, तारेचा गेज पाहून नवे वाइंडिंग भरतो. तारेचा गेज थोडा जरी बदलला तरी रोध बदलतो, आणि जुने वाइंडिंग जाळून काढताना स्टेटरच्या पत्र्यांचे इन्सुलेशन बिघडले तर लोखंडातला अपव्यय वाढतो. व्ही-बाय-एफवर अशी मोटर निमूट चालते. व्हेक्टर ड्राइव्हवर तीच मोटर कमी वेगाला गुरगुरते किंवा ओव्हरकरंटवर ट्रिप होते, आणि दोष ड्राइव्हवर येतो. अशा मोटरचे ऑटोट्यून नव्याने केले तर बहुतेक वेळा तक्रार तिथेच संपते.

लाइट क्षणभर गेली आणि परत आली तर मोटर अजून फिरतच असते. फिरत्या मोटरला शून्यापासून सुरू केले तर ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणून त्याला आधी तिचा वेग शोधावा लागतो. चुंबकी मोटरमध्ये हे सोपे आहे, कारण टर्मिनलवर व्होल्टेज आपोआप दिसते. इंडक्शन मोटरचा फ्लक्स विझून गेलेला असेल तर थोडी धारा देत वारंवारता वरून खाली आणत, रोटरशी जुळणारी जागा हुडकतात. बोअरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून पाणी परत पडत असेल तर पंप उलटा फिरत असतो, तेव्हा हा शोध दोन्ही दिशांनी घ्यावा लागतो, नाहीतर झटक्याने शाफ्ट तुटू शकतो.

एन्कोडर कुठे राहतो

सेन्सरलेस व्हेक्टर ड्राइव्ह वेग साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आत राखतो. एन्कोडर असेल तर हा आकडा ०.०१ टक्क्यापर्यंत येतो. सीएनसी यंत्राच्या सर्व्हो मोटरला शाफ्टची नेमकी जागा लागते, ती अंदाजाने चालत नाही. इलेक्ट्रिक गाडीला चढावर थांबून सुटताना शून्य वेगाला पूर्ण टॉर्क लागतो, म्हणून तिच्यात रिझॉल्व्हर किंवा हॉल सेन्सर असतात. रेल्वेच्या थ्री-फेज इंजिनांत ट्रॅक्शन मोटरवर वेगाचे सेन्सर आहेत. चाके घसरू लागली हे तत्काळ आणि खात्रीने कळावे लागते.

लिफ्ट आणि क्रेन यांत माणसे आणि टांगलेला भार असतो. ब्रेक सुटण्याआधी मोटरने टॉर्क धरलेला आहे याची ड्राइव्हला खात्री हवी, आणि ब्रेक सुटल्यावर भार घसरत नाही याचीही. भार सावकाश खाली येताना स्टेटरची वारंवारता शून्यातून जाते आणि तारांवरून रोटरचा काहीच माग उरत नाही. काही ड्राइव्ह तो टप्पा फ्लक्स बदलून किंवा वेग किंचित वाढवून झटकन ओलांडतात. टांगलेल्या भाराच्या कामात मात्र शाफ्टच्या टोकाला एन्कोडर बसवलेला असतो, त्याची केबल वेगळ्या ट्रेमधून नेलेली असते आणि देखभालीच्या यादीत त्याच्या कपलिंगची तपासणी लिहिलेली असते.